फ्रीजरला मिठी मारणारा माणूस

बाई सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. अनोळखी माणसाशी ओळख वाढवणं त्यांना जंतूंची बशी उघडी टाकण्यासारखं वाटे. नोकरीधंद्याच्या साइटवर कुणाची रिक्वेस्ट आली की त्या नुसता फोटो बघत आणि 'दुर्लक्ष करा' दाबत. एक इसम मात्र भारी चिवट. काळा चष्मा लावून भल्यामोठ्या फ्रीजरला कवटाळलेला त्याचा फोटो. तीनदा नाकारला तरी चौथ्यांदा हजर.

"फ्रीजरला मिठी मारणारा माणूस शहाणा कसा असेल?"

"तुम्ही म्हणजे नाकाने कांदे सोलता, बाई," प्रयोगशाळेचे भांडारप्रमुख म्हणाले. ते स्वतः सगळ्यांना 'या, बसा' करणारे. त्यांच्या ओळखीत दोन जादूगार आणि एक पाणबुड्या होता.

त्याच दुपारी प्रयोगशाळेतल्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरने गळा काढला. दाराचं रबर निसटलं होतं, दार लागेना. आत बाईंचे सहा वर्षांचे नमुने! ते वितळले की सगळं संशोधन पाण्यात. बाईंनी दोन्ही हातांनी फ्रीजर कवटाळला, गाल दारावर दाबला. भांडारप्रमुखांनी खाली बसून दाराला पाठ लावली आणि बाईंच्या फोनवरून कंपनीला फोन केला. तिकडे नुसतं संगीत.

"बाई," फोनवर ती साइट उघडून भांडारप्रमुख खालून म्हणाले, "तुमच्या त्या चिवटानेही फ्रीजर अस्साच धरलाय. आणि खाली लिहिलंय, 'शीतयंत्र दुरुस्ती, तातडीने'. फोटोखालचं कधी वाचलंत?"

"एका फोटोवरून निष्कर्ष काढला मी," बाई दाराला म्हणाल्या. "विद्यार्थ्याला नापास केलं असतं. दाबा 'स्वीकारा'!"

"छे! खातं तुमचं, निर्णय तुमचा." फोन बाईंच्या तोंडासमोर आला.

हात सोडायची सोय नव्हती. बाईंनी नाकाने दाबलं. नाक घसरून आधी एक विमावाला स्वीकारला गेला, मग घोडे शिकवणारा एक गृहस्थ. तिसऱ्या खेपेला नेम लागला आणि चिवटाचा नंबर दिसला.

फोन लावताच तो धावत आला. रबर बसलं, दार लागलं, गजर थांबला. नमुने दगडासारखे घट्ट होते.

"तुमचा फोटो असाच निघाला होता का हो?" बाईंनी विचारलं.

"हो ना. रबर येईपर्यंत मीच दार धरून होतो. गिऱ्हाइकाने काढला."

"आणि काळा चष्मा?"

"रडवेला दिसू नये म्हणून."

संध्याकाळी बाईंच्या फोनवर घोडेवाल्याचा संदेश आला: 'नमस्कार! आपल्याकडे घोडा आहे का?'

बाईंनी आधी त्याच्या फोटोखालचं सगळं नीट वाचलं. मग उत्तर लिहिलं: 'नाही. पण फ्रीजर आहे.'