किंचाळीतलं चित्र

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे, एवढं नक्की. बाकी मी नेमकी कोण, हे मला अजून उमगलेलं नाही.

रियेका बंदरातल्या एका तळघरात नेवियाने माझ्यात चार गाणी गायली. गिटारवर डेनिस होता. मग तिने कॉम्प्युटर जोडून माझ्या शेवटच्या भागात एक कर्कश किंचाळी भरली! तेव्हा कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम असे आवाज करूनच कॅसेटवर साठवत; म्हणे ती कॉम्प्युटरने ऐकली की पडद्यावर रंग उमटतात आणि कीबोर्डवरची कळ दाबावी तसे गाण्याच्या चालीवर नाचतात. किंचाळीतून चित्र? माझं तर डोकंच चक्रावलं.

"हा खटाटोप कशाला गं?" डेनिसने विचारलं.

"बाबांसाठी."

तिचे बाबा बेपो गोदीत बॉयलर ठोकून ठोकून ठार बहिरे झाले होते. लेकीचं एकही गाणं त्यांच्या कानी पडलं नव्हतं.

कॉम्प्युटर तिच्या मामेभावाचा, सीमेपलीकडच्या त्रिएस्तेहून जकातवाल्यांची नजर चुकवत कॉफीच्या पुड्यांखाली लपवून आणलेला. रविवारी दुपारी तो परत न्यायला येणार होता.

त्याच दुपारी बेपोंच्या स्वयंपाकघरात मला लावलं. किंचाळी सुरू होताच शेजारच्या तेरेझाकाकूंनी भिंतीवर झाडू आपटला. "अगं ए, मांजर कापतेस की काय?"

नेवियाने शरमून आवाज कमी केला. पडदा कोराच! पुन्हा लावलं, तर डेनिसनेच कान झाकत आवाज उतरवला. पुन्हा कोरा. दोघं उगाच तारा तपासत बसली. मलाही वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय.

खाली मामेभावाच्या मोटारीचा भोंगा वाजला. थोडा वेळ मागायला नेविया जिन्याकडे धावली.

बेपोंनी मला पुन्हा सुरू केलं, टेपरेकॉर्डरवर तळवा ठेवला. "काही जाणवत नाही बुवा," म्हणत त्यांनी आवाजाचं बटण पार टोकाला फिरवलं. खोकं थरथरलं, तसे ते खूश झाले. काकू बोंबलल्या, डेनिसने हात पुढे केला, बेपोंनी तो झटकून टाकला.

आणि पडदा रंगांनी भरला! इतक्या मोठ्या आवाजातच कॉम्प्युटरला माझी किंचाळी नीट ऐकू गेली होती.

नेविया भावाला घेऊन वर आली ती दारातच थबकली. बेपो एक कळ दाबत होते, निळी लाट उठत होती. दुसरी दाबली, लाल.

"हे काय गं?"

"माझं गाणं," ती ओठ सावकाश हलवत म्हणाली.

बेपो बराच वेळ कळा दाबत राहिले. मग ओरडूनच म्हणाले, "मग आवाज कशाला कमी करत होतीस, वेडाबाई? मला थोडाच त्रास होणार होता!"

नेविया हसता हसता रडायला लागली. भाऊ खुर्ची ओढून बसला.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावरची एखादी जुनी कॅसेट शेवटी अशी किंचाळली, तर बिघडली म्हणून पुसू नका. कुणीतरी ती आपल्या माणसासाठी भरलेली असेल.