कापसाची तार

बर्फाच्या कारखान्यात मला नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं बाबा, डोकं तरी थंड राहील तुझं." कसलं थंड! त्या उन्हाळ्यात मी जितका तापलो, तितका रेल्वेत साहेबाच्या शिव्या खातानाही तापलो नव्हतो.

कारखाना जळगावातला, रतिलाल शेठचा. शेठची जिनिंग जुनी, दोन पिढ्या कापसावर पोसलेल्या. आता म्हाताऱ्याच्या डोक्यात बर्फ शिरला होता. मी गिरधर, वायरमन, भुसावळला रेल्वेत काम शिकलेला. कारखान्यात मिठाच्या पाण्याची टाकी, तिच्यात बर्फाचे डबे, आणि शेजारी थंड खोली. खोलीच्या भिंतींना आणि दाराच्या चौकटीमागे बुचाचे जाड थर, दार मात्र लोखंडी. या खोलीत विजेचा दिवा लावायचा, तोही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, सगळ्या गावासमोर. एवढंच काम. ऐकायला किती सोपं!

पहिली तार मीच आणली, रबराची. छातीठोकपणे सांगितलं, "शेठ, पाणीच काय, पाण्याचा बापही आत शिरणार नाही." खोली गार झाली आणि आमचा इंजिनवाला नजीर ती तार जरा सरकवायला गेला, तर वरचं रबर पापडासारखं तडकलं. नजीर हसत सुटला. "घ्या गिरधरभाऊ, पाण्याच्या बापाला तर तुम्ही दारच उघडून दिलंत!" अस्सा राग आला म्हणता! पण हसण्यासारखंच होतं.

मग मी शेठना म्हटलं, शिशाच्या आवरणाची तार मागवू. आत तेलात भिजवलेला कागद असतो, ना गारव्याने तडकत, ना पाणी पीत. ती मुंबईहून यायची, आणि आखाजीपर्यंत येणं शक्य नव्हतं. शेठ खवळले.

"कापसाच्या गावात बसून शिसं काय मागतोस रे? माझ्या जिनमध्ये सुताच्या वेष्टणाची तार वर्षानुवर्षं चालली आहे. थंडीत माणूस काय पांघरतो? शिसं का गोधडी?"

बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे कापसावर कुणी शंका घेत नाही. दुखलं-खुपलं, बाळंतीण झाली, मयत झाली, सगळीकडे कापूस लागतोच.

"तारेला थंडी वाजत नाही शेठ! आणि गोधडी ओली झाली तर?"

"त्या खोलीत पाणी आहेच कुठे? सगळं गोठलेलं!"

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, परीक्षा घेऊ. डब्यात तारेचे तुकडे घालून डबा टाकीत सोडला, गारठवून काढला आणि सगळ्यांसमोर बोटाभोवती वाकवले. रबर पुन्हा तडकलं. सुताचं मात्र मऊ वळलं, वीज सोडून पाहिली तर गळतीचं नावही नाही. शेठ माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, "बघ!" परीक्षा माझीच होती, मग कुणाच्या नावाने खडे फोडणार? तीच तार खोलीत ओढली, दाराच्या चौकटीवरून.

पण जिवाला चैन पडेना. ताटावर बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठे जावं कळेना. गोठलेलं सूत कोरडंच असतं हो, पण दार उघडं राहून वरचं हिंव वितळलं तर? हे शेठना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "गिरधर, तू कुरकुर्‍या आहेस." आणि वर काय, माझी बहीण पुष्पा धरणगावहून आखाजीला आलेली कळताच म्हणाले, "खोलीच्या दाराला पहिलं कुंकू तुझ्या बहिणीच्या हातचं. आखाजीला माहेरवाशीण म्हणजे घरी आलेली गौराई. आमच्या घरात लेक नाही, तुझी बहीण तीच आमची लेक."

आता बोला! आई हरखून गेली. गल्लीभर सांगत सुटली. पुष्पाने जांभळं लुगडं काढलं, मैत्रिणींचा झोका सोडून आरशासमोर बसली. तिला सांगू तरी काय? की माझ्याच हातच्या कामाला तू हात लावू नकोस? सकाळी उठून गेलो, दार-चौकट तपासली. कोरडी ठणठणीत. जरा श्वास घेतला.

तोवर माणसं जमली. ऊन मी म्हणत होतं, आणि शेठनी खोलीचं दार सताड उघडून ठेवलेलं! जो येई तो आत तोंड घाली, "आहाहा" करी. मी ओरडलो, "दार लावा!" शेठ म्हणाले, "घेऊ दे रे गारवा लोकांना, सणाचा दिवस आहे." नारळ फुटला, कलशातलं पाणी शिंपडलं, टाकीचं खारं पाणी आधीच फरशीवर होतं. मी वर पाहिलं. तारेवरचं पांढरं हिंव गेलं होतं. सूत काळपट दिसत होतं, चौकटीवर थेंब ओघळत होते.

शेठ ओरडले, "नजीर, वीज सोड! आधी दिवा, मग कुंकू!"

"थांबा!" मी म्हटलं, पण सनई सुरू झाली होती, इंजिन धडधडत होतं, नजीरने वीज सोडलीही. खिशातून तपासणीचा बल्ब काढला. त्याची एक तार पाण्याच्या नळाला टेकवली, दुसरी लोखंडी दाराला.

बल्ब पेटला. मंद, निखाऱ्यासारखा लाल.

लोकांना वाटलं हाच तो दिवा! टाळ्या, शिट्ट्या, कुणी तरी "जय" म्हणालं. आणि पुष्पा ताट घेऊन हसत पुढे आली, कुंकवाचं बोट उचललेलं, अगदी दाराजवळ. माझ्या हाकेला कोण विचारतो त्या गोंगाटात! दोन्ही हातांत तारा. मी खांद्याने तिला असा धक्का दिला की ती फरशीवर आपटली. ताट वाजत गेलं, कुंकू पाण्यात पसरलं.

सनई थांबली. आई किंचाळली, "अरे मुडद्या, माहेरवाशिणीले ढकललं!" शेठ माझ्यावर धावून आले आणि वाटेतच थबकले. त्यांची नजर बल्बवर होती, मग त्याच्या तारेवरून दारापर्यंत गेली. तोंडाचा रंगच उडाला. "नजीर! इंजिन बंद!" बल्ब विझला.

पुष्पा लुगडं सावरत उठून बसली. कोपर फुटलेलं. "शेठ, त्या दारात वीज व्हती का?"

"होय बाई," शेठ म्हणाले. "तुझ्या भावाने सांगितलं होतं मला."

मला वाटलं आता ती रडेल, गळ्यात पडेल. ती उठली, माझं मनगट धरलं, आणि दात-ओठ खाऊन म्हणाली, "माले ढकललं ते बरं कयं. पण तू कशाले उभा राह्यना रे तठे? तू बी त अनवाणीच शेस ना!"

मी खाली पाहिलं. पूजेसाठी सगळ्यांबरोबर मीही चपला बाहेर काढल्या होत्या. कुंकवाचं खारं पाणी माझ्या बोटांमधून वाहत होतं, आणि दाराला टेकवलेली तार अजून माझ्या मुठीत होती. मूठ उघडता उघडेना. पुष्पाने एकेक बोट सोडवलं, आणि मी भर गर्दीत तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडलो.