श्वासाची पाळी

पुसेगावच्या गुलाम नबी पिंजाऱ्याचं नाक म्हणजे गावाची कसोटी. बंद पोतं नुसतं हुंगून तो सांगायचा, आतला कापूस कोरडा की दमट, यंदाचा की गेल्या सालचा. एकदा तर शेजारच्या साखरा गावातल्या रजईत व्यालेली उंदरीण त्यानं पुसेगावात बसून ओळखली. खोटं वाटत असेल त्यानं उंदरीण गाठून विचारावं.

निजामाच्या अमदानीतल्या एका हिवाळ्यात हेच नाक तुंबायला लागलं. एका सकाळी हिंगोलीच्या दवाखान्यात विष्णुपंत डॉक्टरांनी गार पाण्याच्या माठातून चकचकीत निकेलची पट्टी काढली, पुसली, त्याच्या नाकाखाली धरली.

"सोड श्वास."

पट्टीवर वाफेचे दोन ढग उमटले. उजवा रुपयाएवढा, डावा मसुरीएवढा.

"डावीकडचा पडदा वाकडा आहे. चार वाजता कापू."

गुलाम नबीनं दोन्ही हातांनी नाक झाकलं. सुरीनं वासच गेला, तर पिंजाऱ्यानं जगायचं कशावर?

बायकोनं, जैनबबीनं, त्याला दवाखान्याच्या ओसरीवर उजव्या कुशीला निजवलं. डोळा लागला. स्वप्नात तो आपल्याच श्वासाचे ढग पिंजत होता. तांय... तांय... ढग फुलत फुलत कयाधूवर उतरले. नदीनं ते पांघरले आणि हळूच कूस बदलली.

चारला सुरी उकळून तयार. डॉक्टरांनी शेवटचं माप घेतलं. डावा ढग रुपयाहून मोठा, उजवा मसूर!

"अरे, सकाळी तर डावं बंद होतं!" डॉक्टर पट्टी उलटीसुलटी करून बघू लागले.

"मग आता उजवं कापता का, डाक्टरसाब?" जैनबबी म्हणाली. "अन् सांजच्याला परत डावं?"

"तू काहून मधी बोलून राहिली?" गुलाम नबी कुजबुजला.

"सात लेकरं निजवली मी. खालच्या कुशीचं नाक बंद, वरचं मोकळं. हे सकाळी डाव्या कुशीवरून उठले, आता उजव्या. न्हाई पटत? तुमीच सोडा श्वास."

नुकत्याच वामकुक्षीतून उठलेल्या डॉक्टरांनी सोडला. एक रुपया, एक मसूर.

"घ्या! पहिले तुमालाच टेबलावर घेऊ."

विष्णुपंत पोट धरून हसले. सुरी पेटीत गेली. गुलाम नबीला तिथंच वाफ दिली आणि पिंजताना नाकाला फडकं बांधायची ताकीद.

परतीच्या वाटेवर समोरून कापसाच्या गाड्या आल्या. बैलगाडीत पेंगणारा गुलाम नबी एकदम ताठ झाला.

"जैनब, तिसऱ्या गाडीतला माल ओला हाय."

"कोणत्या नाकानं कळलं?"

"ज्याची पाळी हाय त्यानं."