अंबुबाईचा होकार

तेरेजाने हात वर केला तेव्हा तिच्या मनात काहीही नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे लोकांनी त्या हाताचं काय काय करून ठेवलं ते विचारू नका. खडकीच्या ख्रिस्ती देवळात रविवारची मिस्साची उपासना संपल्यावर फादरांनी विचारलं होतं, की आफ्रिकेत टांगानिकाला मिशनचं महारोग्यांचं इस्पितळ आहे, तिथे सिस्टर होऊन नव्हे, साधं प्रापंचिक माणूस म्हणून पाच वर्षं सेवेला कोण जाईल? सगळे आपापल्या पायांकडे बघत बसले. ती शांतता तेरेजाला सोसेना आणि तिचा हात वर गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चिंचवडला घरी पोचेपर्यंत ती संतीण झालेली होती. नवरा इग्नास विषमज्वराने गेलेला, मूलबाळ नाही, सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करायचा आणि सुया टोचायचा सराव. लोक म्हणाले, देवानं हिला मोकळी केली ती ह्याच्यासाठीच. तेरेजा मान हलवायची. इग्नासला मातीत ठेवला त्या दिवसापासून तिला रडू म्हणून आलं नव्हतं. दात काढायला सुई दिली की गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं. जेवायची, कामावर जायची, माळेची प्रार्थना म्हणायची. कोणी विनोद केला की हसायचीसुद्धा.

मग तयारी सुरू झाली. जन्मात कधी न घातलेले कॅनव्हासचे बूट आले. ते घालून ती पिंपरीच्या रस्त्याने, औषधाच्या नव्या कारखान्यापर्यंत चालून यायची, टाचा सोलून निघायच्या आणि घरी येऊन ती स्वतःच त्यांना मलम लावायची. फादर जर्मनीचे, पण मराठी शिकले नगर जिल्ह्यातल्या खेड्यात, त्यामुळे बोलायचे अगदी तिच्या माहेरच्यासारखे. ते तिला तिकडचे शब्द शिकवायचे. पाण्याला माजी, औषधाला दावा. ती पाठ करायची.

आता तिचं खरं मन सांगतो. तिला जायचं नव्हतं. राहायची ओढ होती असंही नाही. कोणीतरी आपलं मनगट धरावं आणि म्हणावं, कुठं निघालीस, बस खाली. एवढंच तिला हवं होतं. आणि ते म्हणणारं माणूस घरात होतं. सासू, अंबुबाई; तेरेजा तिला आत्याबाई म्हणायची. फादरांचा नियम असा, की घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने त्यांच्यासमोर होकार दिल्याशिवाय नाव मुंबईला मिशनच्या कचेरीत कळवायचं नाही. आत्याबाई नको म्हणतील, याच भरवशावर तेरेजा बूट झिजवत होती.

पण म्हातारी बोलेल तर शपथ. सून बूट घालून निघाली की ती दाराशी येऊन बघायची, आणि परत आली की गरम पाण्याचं घंगाळ पुढे सरकवायची. बस्स.

बोलली ती घरमालकीण सरुबाई. ती चिंचवडचीच, शेतकऱ्याची बायको, तोंडाला लगाम ठाऊक नाही. तिने अंबुबाईला चुलीपाशीच गाठलं.

"अगं म्हातारे, तुझी दातखीळ बसली का? सून चालली समिंदरापार. तुला पाणी कोण देनार?"

"गावी पुतण्या हाय," अंबुबाई म्हणाली.

"पुतण्या! मावसभाऊ न् चुलतभाऊ, वेळंला कुनी न्हाई. अडव की तिला."

अंबुबाईने चुलीत फुंकर घातली. आत भांडी लावत असलेल्या तेरेजाचे हात थांबले होते. फुंकरीचाच आवाज येत राहिला, तशी ती पुन्हा भांडी लावू लागली.

फादर सायकलवरून आले ते रविवारी दुपारी. म्हातारीने त्यांचा हात कपाळाला लावला, घोंगडी अंथरली, चहा दिला. फादरांनी टोपी मांडीवर ठेवली आणि सरळ विचारलं, "अंबुबाई, सुनेला धाडायची का? मनात नसलं तर तसं सांगा. देव काही रागवायचा नाही."

तेरेजा भिंतीला टेकून उभी होती. किती दिवसांनी तिच्या छातीत काहीतरी धडधडायला लागलं होतं. म्हणा, आत्याबाई. एकदा म्हणा.

"माझी हरकत न्हाई," अंबुबाई म्हणाली. "जाऊ द्या तिला."

फादरांनी क्रुसाची खूण केली. तेरेजाकडे वळून विचारलं, "आणि तू, पोरी?"

"सासूबाई म्हणतात तसं," ती म्हणाली.

"मग उद्याच कळवतो," म्हणून ते गेले. तेरेजाने कपबशा उचलल्या, विसळल्या, पालथ्या घातल्या. मग म्हातारीसमोर येऊन बसली.

"आत्याबाई, तुम्ही नको म्हणाल म्हणून मी वाट बघत होते."

अंबुबाई तिच्याजवळ सरकली. "खुळे, आधी का न्हाई बोललीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

"मी कोणत्या तोंडानं बोलू?" म्हातारी म्हणाली. "इग्नासला सेमिनरीत जायचं होतं, फादर व्हायचं होतं. तुला ठावं हाय, साऱ्या गावाला ठावं हाय. मी आडवी पडले. एकुलता एक, म्हणून तुझ्याशी लगीन लावून टाकलं. देवाला दिला न्हाई, तर देवानं ओढून नेला. आता दुसऱ्यांदा त्याच्या वाटंत हात घालू?"

"मी जात नाही. उद्या सकाळी जाऊन फादरांना सांगते."

"नको." अंबुबाईने तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. तेरेजाला ते लागलं, आणि लागलं याचंच नवल वाटलं. "तू आता राहिलीस तर ते माझ्यापायीच राहिलीस. पुन्हा मीच आडवी आले असं व्हईल. एवढं नको करू पोरी. तू जा."

"तुम्हाला वाटतं का मी जावं?"

"न्हाई," म्हातारी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. "पण जा."

देवासाठी नाही, महारोग्यांसाठी नाही, ह्या एका म्हातारीच्या जिवावरचा दगड उतरावा म्हणून आपल्याला समुद्र ओलांडायचा आहे, हे तेरेजाला कळलं.

"बरं," ती म्हणाली. "जाते."

तेव्हा कुठे अंबुबाईने तिचं मनगट सोडलं.