अल्फान्सोचा आवाज एक्स्चेंजमध्ये

ग्लेनरॉयने नव्या टॅबलेटचा खोका टेबलावर ठेवला तेव्हा शर्लिनने एकच विचारलं, "पापांचा आवाज ह्यात जसाच्या तसा येणार ना रे?"

"जसाच्या तसा काय, त्याहून झकास येणार!" ग्लेनरॉय म्हणाला.

तिथेच तिला शंका यायला हवी होती. बापाचा आवाज बापाहून झकास कसा येईल? पण ग्लेनरॉय घरचा. आत्येचा मुलगा, राहायला कांदिवलीला, कामाला बोरिवलीच्या एका मोठ्या मोबाइलच्या दुकानात, गळ्यात दुकानाचा पट्टा. त्याच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?

शर्लिनच्या बापाचं, अल्फान्सोचं, स्वरयंत्र कॅन्सरने खाल्लं होतं. डॉक्टरांनी ते काढून टाकलं. ऑपरेशनच्या आधी शर्लिनने बापाला गोराईच्या घरातल्या ओट्यावर बसवलं आणि त्याचं रोजचं बोलणं टॅबलेटवर रेकॉर्ड करून घेतलं. प्रत्येक बोलण्याला एक फोटो लावला. भाकरीच्या फोटोवर बोट ठेवलं की, "मना भूक लागली गं!" शेजारच्या कुत्र्याच्या फोटोवर ठेवलं की अशी शिवी, की कुत्रं खरोखर शेपूट घालून पळायचं. वाऱ्यावर ओरडून ओरडून, जन्मभर होडीतून होडीत हाका मारून घडलेला तो आवाज. खरखरीत, मोठा, मध्येच फाटणारा. ऑपरेशननंतर अल्फान्सोने टॅबलेटच्या कव्हराला जाळ्याची हिरवी दोरी बांधली आणि तो गळ्यात अडकवला. घसा गेला, पण गळ्यातून आवाज येत राहिला.

मग कंपनीने नवा टॅबलेट जाहीर केला. त्यासोबत बारीक अक्षरांत हेही जाहीर केलं, की बोलण्याचा तो प्रोग्राम यापुढे जुन्या मशीनवर चालवायची हमी नाही.

घरच्या ग्रुपवर दिवसभर धुमाकूळ. खारदांड्याची मॉनिका आंटी म्हणाली, जांभळा रंग काय गोड आहे! कीथ म्हणाला, खोक्यात चार्जर देत नाहीत, पेन वेगळं विकतात, चोर आहेत साले. कुणी म्हणालं पापडाहून पातळ आहे, कुणी म्हणालं पापडासारखाच मोडेल. कुणाला कॅमेरा पसंत, कुणाला किंमत नापसंत. एवढ्या तोंडांपैकी एकानेही विचारलं नाही, की त्या बारीक अक्षरांचं काय. बारीक अक्षरं वाचायची वेळ ज्याच्यावर येते, त्याच्याच घरात ती वाचली जातात.

म्हणून ग्लेनरॉय आला तेव्हा शर्लिनला देवच आल्यासारखा वाटला. त्याने जुन्यातलं सगळं नव्यात उतरवून दिलं, नवा परत खोक्यात ठेवला, जुना कव्हरासकट पिशवीत घातला आणि एक्स्चेंजला घेऊन गेला. एक्स्चेंजमध्ये आलेल्या प्रत्येक मशीनमागे दुकानातल्या बोर्डावर त्याचं नाव एक पायरी वर सरकत होतं, हे मात्र तो बोलला नाही.

आता इथे कुणीही दुसरं असतं तर लगेच खोका उघडून बटणं दाबून पाहिली असती. पण हे गोराईचं घर. इथे फादरने पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय नवी होडी पाण्यात जात नाही, नवी रिक्षा रस्त्यावर येत नाही. अल्फान्सोने खोका उचलला आणि घरातल्या अल्तारासमोर, मेणबत्तीशेजारी ठेवून दिला. रविवारच्या मिसापर्यंत हात लावायचा नाही, असं त्याने बोट हलवून सांगितलं. तेवढे दिवस तो मुका राहिला. खुणांनी चहा मागितला, खुणांनी कुत्र्याला हाकललं. कुत्रं हललं नाही.

रविवारी मिसा झाल्यावर चर्चच्या आवारात फादर समोर आले. मॉनिका आंटी खास खारदांड्याहून आली होती. फादरनी हसत हसत, काचेवर थेंब पडू नये म्हणून जपून, पाणी शिंपडलं. अल्फान्सोने क्रुसाची खूण केली आणि फादरच्याच फोटोवर बोट ठेवलं. त्या फोटोमागे काय आहे ते सगळ्या गावाला पाठ होतं: "फादर, घरा या, थोडीशी घेऊ!" फादर दर वेळी हसायचे, कधी कधी यायचेही.

नवा टॅबलेट बोलला, "आदरणीय फादर, आपण अल्पोपाहारासाठी आमच्या घरी अवश्य यावे."

बातम्या सांगणाऱ्या माणसाचा आवाज. गुळगुळीत, कोरा. जणू बाहेरचा कुणी परीटघडीचा माणूस अल्फान्सोच्या छातीवर येऊन बसला होता.

लोक हसले. वाईट बुद्धीने नाही, पण हसले. मॉनिका आंटी म्हणाली, "अगोबाई, अल्फान्सो एकदम साहेब झाला की! किती शुद्ध!"

अल्फान्सोने भाकरी दाबली. "मला भूक लागली आहे." त्याने कुत्रा दाबला. "क्षमस्व. हे वाक्य उपलब्ध नाही."

तो एकामागून एक फोटो दाबत गेला. प्रत्येक वेळी तोच परका माणूस. मग त्याचं बोट थांबलं. ऑपरेशनच्या टेबलावरून उठल्यावर त्याचं तोंड जसं झालं होतं, तसंच आता झालं.

शर्लिनने ग्लेनरॉयला फोन लावला. "काय केलंस तू? पापांचा आवाज कुठाय?"

"अगं, तेच तर नवीन फीचर आहे! जुनी खराब रेकॉर्डिंग आपोआप सुधारून देतो. लोकांना फार आवडलंय ते."

"खराब?"

"म्हणजे खरखर गं..."

"ती खरखर नाय, माझा बाप आहे तो! मूळ आवाज कुठाय?"

तो हळूच म्हणाला, "सुधारलं की मूळ उडतं त्यातलं. जुन्या मशीनमध्ये असेल. पण आज संध्याकाळी सगळी जुनी मशीनं पुसून कंपनीच्या गाडीत जाणार."

फादर काहीतरी समजुतीचं बोलत होते, ते तिने ऐकलं नाही. नवा टॅबलेट उचलून, बापाचा हात धरून ती जेट्टीवर आली, फेरीने पलीकडे उतरली आणि रिक्षा करून दुकानात पोचली.

दुकानाबाहेर रांग, आत फुगे. रांगेत जो तो आपलं शहाणपण वाटत होता.

"मागच्या वर्षीचाच आहे यार, नुसता रंग बदललाय."

"स्क्रीन बघ ना पण! वाट लागली बाकीच्या कंपन्यांची."

"बोलणारं फीचर बघितलं? आमच्या गावाकडच्या काकांना द्यायला पाहिजे, निदान काय बोलतात ते कळेल तरी."

त्यावर चार जण खो खो हसले. शर्लिन थांबली. "काकांचं तुला कळत नाय, तर कान तुझा बदल ना. त्यांचा घसा कशाला बदलतोस?" असं तोंडावर म्हणून ती रांग तोडून काउंटरला गेली. मागे कुणीतरी "ओ मॅडम, लाइन!" म्हणत राहिलं.

श्यामसुंदर नावाचा मॅनेजर आला. आवाज असा मऊ, की नव्या टॅबलेटमध्ये हाच बसवलाय की काय असं वाटावं. "मॅडम, एक्स्चेंज झालं की डिव्हाइस कंपनीचं होतं. पॉलिसी आहे. नव्यात प्रॉब्लेम असेल तर तक्रार नोंदवा ना."

"डिव्हाइस तुमच्या कंपनीचं. घसा माझ्या बापाचा."

"तुमच्या भावना मी समजू शकतो..."

"भावना नका समजू. मशीन काढा."

ग्लेनरॉय फुग्यांखाली उभा होता, खाली मान घालून. "ग्लेन, तू बोल की रे! मामाच्या खांद्यावर बसून समुद्र बघितलास ना तू? आता तोंड शिवलं काय?"

"माझी नोकरी जाईल, शर्ले," तो पुटपुटला.

हे सगळं चालू असताना अल्फान्सो कुणाला न विचारता काउंटरच्या मागे गेला होता. तिथे प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये जुने टॅबलेट रचले होते, बाजारात दिवस मावळता उरलेली मासळी ओततात तसे. सगळे काळे, सगळे सारखे. त्यातून हिरव्या दोरीचं एक टोक बाहेर आलं होतं. अल्फान्सोने दोरी खेचली, टॅबलेट वर आला, तो त्याने गळ्यात घातला. सिक्युरिटीवाला पुढे सरसावला. अल्फान्सोने त्याच्याकडे असं बघितलं, की तो आपल्या जागी परत गेला.

त्याने बटण दाबलं. स्क्रीन काळीच. पुन्हा दाबलं. काळीच.

"पुसलास?" शर्लिनचा आवाज चिरकला. "ग्लेन, पुसलास काय रे तू?"

"नाय गं. आज गर्दी होती, वेळच मिळाला नाय. बॅटरी गेली असेल."

म्हणजे बापाचा आवाज प्रेमाने वाचला नव्हता, घरोब्याने वाचला नव्हता. रविवारच्या गिऱ्हाइकांनी वाचवला होता! शर्लिनने नव्या मशीनच्या मांडणीतलीच एक वायर उपसली आणि जुन्यात खुपसली. मॅनेजर काही बोलणार होता, पण रांगेतले लोक आता फोन वर करून शूटिंग करत होते.

बराच वेळ गेला. मग स्क्रीन उजळली. भाकरी, होडी, कुत्रा, फादर. सगळे जागच्या जागी.

रांगेतला एक पोरगा फोन पुढे करून म्हणाला, "अंकल, अंकल, नवीन टॅबलेट कसा वाटला? एक रिअ‍ॅक्शन द्या ना!"

अल्फान्सोने दोन्ही हातांनी टॅबलेट धरला. बोट फिरवत फिरवत एका सडक्या बोंबलाच्या फोटोवर आणलं. ते वाक्य तो आयुष्यभर मासळी बाजारात ओरडला होता. आता ते दुकानाच्या एसीत, फुग्यांखाली, फाटक्या खणखणीत आवाजात घुमलं:

"नासलाय रं! टाक कुत्र्याला!"

रांगेत हशा पिकला. दोघे जण खरोखर रांगेतून निघून गेले. बाकीचे राहिले, त्यांना जांभळा हवा होता. शर्लिनने नवा टॅबलेट काउंटरवर आपटला आणि बापाला घेऊन बाहेर पडली. ग्लेनरॉय दारापर्यंत आला. "सॉरी, मामा," म्हणाला. अल्फान्सोने त्याच्यासाठी कुठलाच फोटो दाबला नाही.

फेरीत बसल्यावर स्क्रीनवर कंपनीचा निरोप उगवला, नेमका फोटोंना झाकून. नवी आवृत्ती आली आहे. आत्ता घ्या, की नंतर? शर्लिनने वरून खाली, खालून वर पाहिलं. 'नको' असं बटण त्या लोकांनी ठेवलंच नव्हतं. माणूस नको म्हणेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

अल्फान्सो तिच्या तोंडाकडे बघत होता.

तिने 'नंतर' दाबलं. उद्या पुन्हा येईल हा निरोप, परवाही येईल. येऊ दे. ती रोज 'नंतर' दाबेल.

फेरी गोराईच्या जेट्टीला लागली, हेलकावली. शर्लिन रागाच्या भरात तशीच उठली. मागून, पाण्यावरून, बापाने हाक मारली:

"शर्ले, हात धर गं! पाय सरकंल!"

आणि तिने हात धरला.