अनोळखी माणूस हवा

काझमायरबाईंनी पर्स मांडीवर ठेवली, टेबलावरचा काळा डबा उलटा केला आणि पाव नीट भाजलाय का बघावं तशी त्याच्या बुडावर बोटानं टकटक केली.

"हा उघडायचा?"

समोर नेगेले बसले होते. त्यांनी बोलायचंच नव्हतं. उत्तर कोपऱ्यातून, देखरेखीला बसलेल्या जिगलोखबाईंकडून आलं.

"उघडायचा आणि आतलं सर्किट न तुटता बाहेर काढायचं. हत्यार म्हणाल तर हा एक स्क्रूड्रायव्हर."

"आणि मोडलं तर? भरून कोण देणार?"

"कंपनी."

"मग हरकत नाही," म्हणून बाईंनी बाह्या वर सारल्या.

डबा मोटारीतला. ब्रेक, दिवे, खिडक्या यांनी केव्हा काय करायचं हे ठरवणारा. गाडीचा मेंदूच म्हणा. आजवर असे डबे आत राळ ओतून कायमचे बंद केले जात. गाडी भंगारात निघाली की डबा चरकात जाई आणि आतल्या धडधाकट चिपांचा, तांब्याचा, चिमूटभर सोन्याचा एकच चुरा होई. जिथे नाताळच्या भेटींचे कागद इस्त्री करून पुढच्या वर्षी वापरतात, त्या आल्ब डोंगरांच्या पायथ्याच्या काटकसरी मुलखात ही उधळपट्टी कुणाला कशी खुपली नाही, हे नेगेल्यांना कोडं होतं. सहा वर्षं खपून त्यांनी राळेवाचून चालणारा डबा केला. चार खिट्ट्या, दोन स्क्रू आणि पाणी अडवायला एक रबरी कडं. एका गाडीतून काढलेलं सर्किट दुसरीत बसावं, एवढाच हट्ट. संचालक श्टोत्स यांना तो आवडला असावा, कारण सलग तीन बैठकांत त्यांनी त्याला नावं ठेवली नव्हती. अट मात्र घातली होती. पंधरा वर्षांनी हा डबा कुणा भंगारवाल्याच्या हाती पडेल तेव्हा शेजारी सांगायला नेगेले नसणार. म्हणून बारा अनोळखी माणसांनी तो कुणाला न विचारता उघडून दाखवायचा. एक जरी कमी पडला, तरी सोमवारपासून पुन्हा राळ.

अकरा झाले होते आणि आज शेवटचा दिवस होता.

अनोळखी कुणाला म्हणायचं, हे नेगेल्यांनीच ठरवलं होतं. सुरुवातीला, उघडणाऱ्याचे हात कुठे अडतात ते टिपायला, त्यांचा सहकारी हेबर्ले समोर बसे. एकदा त्याच्या बायकोनं डबा इतक्या झटक्यात उघडला, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जमलं कसं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "सोपं आहे. माझा हात चुकीच्या बाजूला गेला की ह्यांची भुवई चढते." तोवरच्या सगळ्या चाचण्या रद्द झाल्या आणि नियम आला: उघडणाऱ्याची समोरच्याशी ओळख नको, समोरच्याची उघडणाऱ्याशी नको. शेवटी दोघांनाही तसं विचारायचं.

या नियमानं सगळ्यांची पंचाईत केली. गावात हा त्याचा मेव्हणा, तो याच्या नेमबाजी क्लबातला. नेगेल्यांना तेवढी अडचण आली नाही. त्यामुळे समोर बसायचं काम कायमचं त्यांच्याकडे आलं.

"साहेब, तुम्ही म्हणजे कंपनीची ठेव आहात," हेबर्ले म्हणायचा. "अख्ख्या गावात तुम्हाला ओळखणारं कुत्रं नाही."

नेगेले हसायचे. कामाच्या हिशेबात ही जमेची बाजू होती.

आजचा ठरलेला माणूस सकाळी तापानं पडला. नेमक्या तेव्हाच घराच्या जिन्यात काझमायरबाई दिसल्या आणि नेगेल्यांनी विचारून टाकलं. त्या वरच्या मजल्यावर राहतात. जिना झाडायचा आठवडा नऊ वर्षं आळीपाळीनं या दोघांकडे येतो. आपला संपला की ‘झाडण्याचा आठवडा’ असं लिहिलेली लाकडी फळी दुसऱ्याच्या दाराच्या मुठीला अडकवायची, झालं. फळी हातातून हातात कधी गेलेली नाही. याला ओळख म्हणायचं का, याचा विचार नेगेल्यांनी बसमध्ये केला आणि नाही असं ठरवलं. बाई त्याच बसमध्ये मागच्या बाकावर बसल्या होत्या.

तीन खिट्ट्या निघाल्या. चौथीशी बाई अडल्या.

"हा ज्यानं केलाय ना, त्याच्या घरी बायको नसणार."

"ते कशावरून?" जिगलोखबाईंनी विचारलं.

"असती तर म्हणाली असती, अरे बाबा, इथे बोट घालू कुठं?"

काचेपलीकडे हेबर्ले पोट धरून हसला. बाईंचा स्क्रूड्रायव्हर चुकीच्या बाजूला गेला. आपली भुवई चढलीय, हे नेगेल्यांना स्वतःलाच जाणवलं. पण ती बघायला बाईंनी मान वर केलीच नाही. त्यांनी डबा कलता केला, दोन्ही अंगठे टेकवले आणि अळूबुखाराची बी काढावी तसं सर्किट अलगद बाहेर काढलं.

श्टोत्स दारात येऊन उभे होते. "हं," ते म्हणाले. त्यांच्या मानानं हे भाषण झालं.

"आता तेवढं विचारते," जिगलोखबाई म्हणाल्या. "काझमायरबाई, या साहेबांना तुम्ही ओळखता?"

"नाही हो. खालच्या मजल्यावर असतात. जिना छान झाडतात, कोपरेसुद्धा. बाकी घंटीवर आडनाव आहे तेवढं."

"ओळख म्हणावी अशी?"

"ओळख कसली!"

"छान. नेगेलेसाहेब, तुम्ही?"

अकरा वेळा दिलेलंच उत्तर द्यायचं होतं. नेगेल्यांनी टेबलावरची मोकळी झालेली खिट्टी उचलली आणि पुन्हा ठेवली.

"ओळखतो," ते म्हणाले.

"म्हणजे जिन्यात दिसतात तेवढं, असंच ना?" जिगलोखबाईंनी घाईनं वाट काढून दिली.

"नाही. ओळखतो."

श्टोत्स यांनी त्यांच्याकडे, मग डब्याकडे पाहिलं. "मग सोमवारी राळ," म्हणाले आणि दार लोटून निघून गेले. काचेपलीकडे हेबर्ले, ज्याला हे हळू आवाजातलं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, अजून अंगठा उंचावून दाखवत होता.

"पण मी तर उघडला की!" काझमायरबाई म्हणाल्या. मग त्या नेगेल्यांकडे वळल्या. "तुम्ही मला कुठून ओळखता हो?"

"तुम्ही वर जाताना आमच्या मजल्यावर थांबता. गेल्या हिवाळ्यापासून."

"दम लागतो."

"हो. आत ऐकू येतं. तुम्ही पुन्हा चढू लागेपर्यंत मी आवाज करत नाही. चमचा कपात तसाच धरून ठेवतो."

बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "आत कुणी नसतंच."