दगडकुळीची बाई

रचना गावी, कडोलीच्या घरी बसून दगडांची माणसं घडवत होती. बंगळूरची तिची कंपनी ऑनलाइन खेळ बनवायची. खेळात वेगवेगळी कुळं. खेळणाऱ्यानं त्यातलं एक निवडायचं, मग पुरुष व्हायचं की बाई ते ठरवायचं. रचनाच्या वाट्याला दगडकुळी आली होती. तिनं काढलेला पुरुष म्हणजे नुसता डोंगर, मनगटं खांबासारखी, नाक फुटलेलं, आणि सगळे त्याच्यावर खूश. बाई काढायची वेळ आली तेव्हा मात्र तिचे वरिष्ठ असलेल्या आशिषसरांनी कळवलं, कंबर बारीक हवी, चेहरा गोड हवा. नवरे असे आणि बायका काडीपैलवान, या कुळात सोयरिका जमवतं तरी कोण, असा रचनाला प्रश्न पडला. तिनं सरांना न विचारता रुंद खांद्यांची, जाड दंडांची बाई काढून पाठवली.

"काढलीय छान, पण हिला निवडणार कोण?" सर फोनवर म्हणाले. "चालताना दाखव. पटली तर ठेवू, नाहीतर शुक्रवारी बारीक बाई जाईल."

चालीचा नमुना घरातच होता. रचनाची आई जयाबाई अंगानं चांगली दांडगी, आणि चित्रातले खांदेही तिचेच होते. फक्त ते रचनानं आईला सांगितलं नव्हतं. जयाबाईला आपल्या अंगाची लाज वाटायची. लग्नकार्यात फोटोची वेळ आली की ती हमखास सगळ्यांच्या मागं, एखाद्या भाचीच्या आड. "मी म्होरं आले की बाकीची दिसायची न्हाईत," असं म्हणून स्वतःच हसायची. रचनाला ते हसणं मुळीच आवडायचं नाही.

"आई, अंगणातनं जरा चालून दाखव. फोनवर घेते."

"फोटू काढतीस? थांब की गं मग."

जयाबाई आत गेली आणि ठेवणीतलं इरकल नेसून, नथ घालून बाहेर आली. पोट आत ओढून, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन, हळदीकुंकवाला निघाल्यासारखी इवली इवली पावलं टाकू लागली.

"अगं, रोजच्यासारखं चाल!"

"रोज काय फोटू काढतीस व्हय?"

रचनानं कपाळाला हात लावला. एवढ्यात दारात रताळ्यांची पोती भरणारा टेम्पोवाला भावकू ओरडला, "आक्का, धर गं!" त्याच्या पाठीवरचं पोतं घसरत होतं. जयाबाईनं पदर खोचला आणि नथीसकट धावली. पोत्याखाली पाठ दिली, गुडघ्यात किंचित वाकली आणि जमीन दाबत दाबत, भावकूला "सर बाजूला" म्हणत ते पोतं टेम्पोत नेऊन टाकलं. रचनाचा फोन चालूच होता.

शुक्रवारी दगडकुळीची बाई तशीच चालली. आशिषसरांनी ती चाल पुन्हा पुन्हा लावून पाहिली.

"ठेव हिला," शेवटी ते म्हणाले. "पण निवडायच्या पडद्यावर पुरुष पुढं असू दे. ही जरा मागं."

रचनाला एवढा आनंद झाला की ती हो म्हणून बसली. संध्याकाळी तिनं आईला हाक मारली खरी, पण मनात धास्ती होती. आईला वाटेल, लेकीनं माझी जगभर थट्टा मांडली.

जयाबाई पदराला हात पुसत आली. पडद्यावरची बाई चालली, वाकली, ओझं उचलून उभी राहिली. जयाबाईचा हात आपसूक स्वतःच्या दंडाकडे गेला.

"ही मी हाय," ती म्हणाली.

"व्हय. रागावलीस?"

जयाबाईनं चष्मा नीट केला. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"आणि ह्यो बाप्या कोण?"

"तिच्याच कुळातला."

"मग हिला त्येच्या मागं का उभी केलीस? दिसंना की गं नीट." जयाबाईनं काचेवर बोट टेकवलं. "म्होरं घे तिला."

रचनानं माऊस हातात घेतला. तिनं सरांना न विचारता त्या बाईला पुढं घेतलं.